मृत्यूवर कर नाही, पण वारशाचा हिशेब संपत नाही

घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत कागदपत्रांचे कपाट उघडले जाते आणि नात्यात हिशेब समजणारा माणूस अशी ओळख असल्याने मला फोन येतो. प्रश्न बहुधा एकच असतो. फ्लॅट, गावची जमीन, बँकेतील ठेवी आणि थोडे शेअर आता आमच्या नावावर होतील, तर त्यावर वारसा कर किती भरावा लागेल? भारतात असा कर नाही, हे उत्तर बरोबर आहे आणि ते ऐकून समोरची व्यक्ती निश्चिंतही होते. तरी मी तेवढ्यावर फोन ठेवत नाही, कारण मृत्यूच्या दिवशी न लागलेला कर मालमत्ता विकण्याच्या दिवशी गाठतो, आणि तो किती असेल हे अनेकदा वडिलांनी पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या खरेदीखतावरील आकड्यावर ठरते.

आपल्याकडे असा कर पूर्वी होता. १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी कायदा लागू झाला आणि मृत व्यक्तीच्या एकूण मालमत्तेवर चढत्या दराने आकारणी होऊ लागली. शेवटच्या काळात वीस लाख रुपयांच्या वरच्या हिश्श्यावर हा दर ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांत कोणाला काही बक्षीस दिले असेल, तर तेही मालमत्तेत धरले जाई. त्याच मालमत्तेवर मालक हयात असताना संपत्ती कर होताच, म्हणजे एकाच घराचे दोन कायद्यांखाली दोन वेळा मूल्यांकन व्हायचे आणि दोन्ही वेळा वाद व्हायचे. १६ मार्च १९८५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी ही आकारणी रद्द केली, तेव्हा दिलेले कारण रोखठोक होते: या करातून वर्षाला जेमतेम वीस कोटी रुपये मिळतात आणि त्या मानाने वसुलीचा खर्च फार आहे. वाचताना मला नवल याचे वाटते की, ८५ टक्के दर असूनही उत्पन्न इतके किरकोळ होते. ज्यांच्याकडे खरोखर भरपूर होते, त्यांनी वेळीच विश्वस्त निधी आणि वाटण्या करून ठेवल्या असणार, असा माझा तर्क आहे.

मराठी मुलखाला तर ही आकारणी इंग्रजांच्याही आधीपासून परिचित होती, कारण वतनदार वारल्यावर वतन वारसाच्या नावे करून देताना सरकारात नजर, म्हणजे नजराण्याची रक्कम, भरावी लागे. स्वतंत्र भारतात मात्र इस्टेट ड्यूटीपाठोपाठ १ ऑक्टोबर १९९८ पासून बक्षीस कर गेला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती करही गेला. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात इस्टेट ड्यूटी आकारण्याचा अधिकार आजही लिहिलेला आहे. शेतजमिनीपुरता तो राज्यांकडे आणि बाकी मालमत्तेपुरता केंद्राकडे. त्यामुळे निवडणुकीच्या काळात या कराची चर्चा पुन्हा उठते, तेव्हा ती अगदीच हवेतली नसते.

आता आजच्या नियमांकडे वळतो. आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ अशी ठरली आणि त्यात जुनी कलमे नव्या क्रमांकांखाली गेली आहेत, म्हणून मी येथे कलमांचे क्रमांक देत नाही.

पहिला नियम असा की, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जे मिळते ते घेणाऱ्याचे उत्पन्न मानले जात नाही, मग ती रक्कम कितीही असो आणि देणारा नातेवाईक असो वा नसो. हयातीत दिलेल्या बक्षिसाचे तसे नाही. वर्षभरात सगळी मिळून ५०,००० रुपयांहून अधिक बक्षिसे आली, तर ती पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. सूट असते ती ठरावीक नातेवाइकांकडून मिळालेल्या बक्षिसांना आणि लग्नातील आहेराला. या नातेवाइकांची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तीत पती-पत्नी, स्वतःची आणि जोडीदाराची भावंडे, आई-वडिलांची भावंडे, सरळ रेषेतील पूर्वज व वंशज आणि या सर्वांचे जोडीदार येतात. चुलतभाऊ आणि मामेबहीण येत नाहीत. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, मावशीने भाच्याला दहा लाख रुपये दिले तर कर नाही, कारण मावशी ही आईची बहीण आहे. भाच्याने म्हाताऱ्या मावशीला दहा लाख दिले, तर मावशीच्या बाजूने पाहता बहिणीचा मुलगा व्याख्येत बसत नाही आणि सगळी रक्कम तिच्या उत्पन्नात जाते. ज्यांना मूलबाळ नाही आणि ज्यांचा सांभाळ भाचे-पुतणेच करतात, अशी माणसे आपल्या प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांच्या बाबतीत कायद्याने माया एकाच दिशेने वाहते असे गृहीत धरलेले दिसते.

दुसरा नियम हा या लेखाचा गाभा आहे. मालमत्ता वारसाकडे जाणे याला कायदा हस्तांतरण मानत नाही, म्हणून त्या क्षणी भांडवली नफा, म्हणजे विक्री किंमत आणि खरेदी किंमत यांतील करपात्र फरक, होत नाही. पण त्याच वेळी वारसाला ती मालमत्ता मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने मिळाली असेही मानत नाही. आधीच्या मालकाला ती ज्या किमतीला पडली, तीच किंमत वारसाची खरेदी किंमत ठरते आणि आधीच्या मालकाने ती जितकी वर्षे बाळगली, तितकी वर्षे वारसाच्या खात्यात जमा होतात. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे असा दोनदा वारसा झाला असेल, तर ज्याने ती शेवटची पैसे देऊन घेतली त्याच्यापर्यंत मागे जावे लागते. म्हणजे वडील वारले तेव्हा फ्लॅटची किंमत सव्वा कोटी होती, हे कितीही पुराव्यानिशी दाखवले, तरी भारतीय आयकरात त्याचा काहीच उपयोग होत नाही.

फार जुन्या मालमत्तांसाठी एक सवलत आहे. मूळ खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर प्रत्यक्ष किमतीऐवजी त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य घेता येते. जमीन आणि इमारतींच्या बाबतीत हे मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा, म्हणजे आपल्या बोलीतल्या रेडी रेकनरपेक्षा, जास्त धरता येत नाही. ही मर्यादा २०२० च्या अर्थसंकल्पाने घातली आणि त्याआधी मूल्यांकनकार मंडळी दाखवत असलेली उदारता बरीच आटोक्यात आली.

एक कल्पित उदाहरण घेतो. वडिलांनी १९८८ मध्ये कोथरूडमध्ये अडीच लाखांना फ्लॅट घेतला, १ एप्रिल २००१ रोजी त्याचे रेडी रेकनरप्रमाणे मूल्य नऊ लाख होते, वडील २०२३ मध्ये मृत्युपत्र न करता वारले आणि आई, मुलगा व मुलगी अशा तीन वारसांनी तो २०२५-२६ मध्ये १ कोटी ४० लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय, न देता १२.५ टक्के कर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के, असा हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. नव्या पद्धतीने नफा १ कोटी ३१ लाख आणि कर सुमारे १६ लाख ३८ हजार येतो. जुन्या पद्धतीत २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६ असल्याने नऊ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात, नफा १ कोटी ६ लाख १६ हजार राहतो आणि कर २१ लाख २३ हजार होतो. येथे नवी पद्धत स्वस्त पडली. अधिभार आणि चार टक्के उपकर दोन्हीकडे वेगळा.

उलट घडणारे उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण आता जुनी पद्धत विसरा असे सरसकट सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. समजा, वडिलांनी २०१२-१३ मध्ये ८० लाखांना घर घेतले होते, तेही २०२३ मध्येच वारले आणि त्या भागात भाव फारसे न वाढल्याने वारसांना २०२५-२६ मध्ये सव्वा कोटीच मिळाले. निर्देशांक न लावता नफा ४५ लाख आणि कर ५ लाख ६२ हजार ५०० होतो. २०१२-१३ चा निर्देशांक २०० असल्याने जुन्या पद्धतीत ८० लाखांचे १ कोटी ५० लाख ४० हजार होतात, म्हणजे नफाच उरत नाही आणि कर शून्य येतो. भाव महागाईच्या पुढे धावले असतील तर १२.५ टक्के आणि मागे रेंगाळले असतील तर २० टक्के, असा साधारण कौल असतो, पण आकडे मांडल्याशिवाय तो मानू नये.

निर्देशांक कोणत्या वर्षापासून लावायचा, यावर एकेकाळी बराच वाद होता. आयकर विभागाचे म्हणणे असे की, वारसाच्या किंवा बक्षीस घेणाऱ्याच्या हातात मालमत्ता ज्या वर्षी आली त्या वर्षापासून. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मंजुळा शाह यांच्या प्रकरणात हे अमान्य केले आणि आधीच्या मालकाने मालमत्ता प्रथम बाळगली त्या वर्षापासून निर्देशांक लागेल असे ठरवले. किंमत मागच्या मालकाची घ्यायची आणि महागाई मात्र पुढच्या मालकापासून मोजायची, हा युक्तिवाद न्यायालयात गेला तरी कसा, याचेच मला आश्चर्य वाटते.

या सगळ्यामुळे वारसांच्या दृष्टीने घरातील सर्वांत मौल्यवान कागद ठरतो तो मूळ खरेदीखताचा किंवा वाटपपत्राचा. त्याच्या जोडीला सूची क्रमांक दोनचा (नोंदणी झालेल्या दस्ताच्या तपशिलाचा, म्हणजे इंडेक्स टूचा) उतारा, सोसायटीला भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि नंतर केलेल्या वाढीव बांधकामाची बिले हवीत, कारण सुधारणेचा खर्चही किमतीत मिळवता येतो. मालक हयात असताना हे कागद त्यांच्याकडून मागून घेणे अवघड वाटते, हे मला मान्य आहे. पण ते गेल्यानंतर जुन्या दस्ताची नक्कल निबंधक कार्यालयातून मिळवताना दस्ताचा क्रमांक आणि वर्षच ठाऊक नसले, तर फार हेलपाटे होतात.

शेतजमिनीचा विषय थोडक्यात आटोपता येतो. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच मानली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कोणती, हे नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरते: त्या शहराची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत असेल तर दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्याहून अधिक असेल तर आठ; जमीन या अंतराच्या पलीकडे असेल तरच ती ग्रामीण. सातबारावर ऊस दिसतो म्हणून जमीन ग्रामीण ठरत नाही, आणि पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या गावांत हा गैरसमज महागात पडतो. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावा आणि फेरफार मंजूर करून घ्यावा, हे येथे ओघाने सांगतो. त्याला कराशी थेट संबंध नसला, तरी विक्रीच्या वेळी खरेदीदार प्रथम तेच पाहतो.

याहून अधिक गोंधळ असतो तो वडिलोपार्जित या कल्पनेभोवती. वडील वारले, त्यांनी स्वतःच्या कमाईने घेतलेले घर मुलांकडे आले, म्हणून ते एकत्र कुटुंबाचे झाले असे समजून काही जण हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने वेगळे विवरणपत्र भरू लागतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली मुलाला वडिलांकडून मिळालेली अशी मालमत्ता त्याची वैयक्तिक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले आहे. खरोखर सहदायिकीची, म्हणजे एकत्र कुटुंबातील सदस्यांना जन्मानेच हक्क मिळतो अशी, मालमत्ता असेल, तर तिच्यात ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो आहे, हे विनीता शर्मा प्रकरणातील ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने निश्चित झाले. भाड्याचे उत्पन्न आणि विक्रीचा नफा कोणाच्या विवरणपत्रात किती जाईल, हे या हिश्श्यांवर ठरते. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर कोणाचे नाव चढवले किंवा बँकेत नॉमिनी कोण आहे, यावर ते ठरत नाही. नॉमिनी हा मालक होत नाही, हे कंपन्यांच्या शेअरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालात पुन्हा सांगितले आहे.

मुलींच्या हक्काचा विषय निघाला की पाठोपाठ हक्कसोडपत्र येते. महाराष्ट्रात जवळच्या नात्यातील हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पूर्वी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झाले. बहिणीने भावाच्या नावे मोबदला न घेता हक्क सोडला, तर दोघांनाही आयकर लागत नाही. मोबदला घेऊन सोडला, तर तो तिच्या हिश्श्याचा विक्रय ठरतो आणि तिला भांडवली नफ्याचा हिशेब करावा लागतो. इतके बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते असे की, फ्लॅट विकायचाच असेल तर सगळ्यांची सही एका जागी असावी या सोयीसाठी आधी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करणे, हे कराच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

वरचे कोथरूडचेच उदाहरण घ्या. तिघांनी मिळून विकले, तर १ कोटी ३१ लाखांचा नफा प्रत्येकाकडे सुमारे ४३ लाख ६७ हजार असा विभागला जातो. प्रत्येक जण सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी वित्त कंपन्यांच्या भांडवली नफ्याच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणूक करू शकतो, त्यामुळे तिघांचाही कर शून्य होऊ शकतो. पैसे पाच वर्षे अडकतात आणि त्यावरचे व्याज करपात्र असते, हे मान्य. आई आणि बहिणीने आधी हक्क सोडला असेल, तर सगळा नफा एकट्या भावाचा, त्याला रोख्यांची मर्यादा एकदाच ५० लाख आणि उरलेल्या ८१ लाखांवर १० लाख साडेबारा हजारांचा कर. नवे घर घेऊन मिळणारी सूटही प्रत्येक वारसाला स्वतंत्रपणे मिळते. बहिणीकडून हक्क सोडून घेण्याची आपल्याकडे जी घाई असते, तिच्यामागची कारणे वेगळी आहेत आणि ती मला पटत नाहीत. पण ज्यांना ती पटतात, त्यांनीही निदान हा दहा लाखांचा आकडा एकदा पाहावा.

मृत्यूच्या वर्षाचे विवरणपत्र हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र मृत व्यक्तीच्या पॅनवर, कायदेशीर वारसाने आयकराच्या संकेतस्थळावर तशी नोंदणी करून भरायचे असते. त्यासाठी मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. त्यानंतरचे व्याज, भाडे आणि लाभांश वारसांच्या विवरणपत्रांत जातात. बँकेला मृत्यूची सूचना उशिरा दिली, तर ठेवींवरील व्याज आणि त्यावरची करकपात मृत व्यक्तीच्या पॅनवरच दिसत राहते आणि पुढे ती वारसाकडे वळवून घेणे जिकिरीचे होते. मृत व्यक्तीकडे काही कर बाकी असेल, तर तो वारसाकडून वसूल होतो, पण वारशात जेवढे मिळाले तेवढ्यापर्यंतच. मुलाच्या स्वतःच्या पगारावर त्याचा बोजा येत नाही. परताव्याची रक्कम येऊन सगळे मिटेपर्यंत मृत व्यक्तीचे पॅन रद्द करण्याची घाई करू नये.

गोव्यातील वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट नोंदवतो. तेथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार विवाहित जोडप्याची मालमत्ता सामाईक असते आणि आयकर कायदाही ते मान्य करून पगार सोडून बाकीचे उत्पन्न पती-पत्नींमध्ये निम्मे-निम्मे विभागतो. त्यामुळे सामाईक मालमत्तेच्या भाड्याचा किंवा भांडवली नफ्याचा हिशेब तेथे मुळातच दोन विवरणपत्रांत जातो.

भारतात कर नाही म्हणून निर्धास्त असलेल्या कुटुंबाला परदेशाचा वारसा कर लागू शकतो, आणि हे आता केवळ गडगंज श्रीमंतांपुरते उरलेले नाही. एप्रिल २०२४ मध्ये काँग्रेसचे नेते सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेत सरकार ५५ टक्के घेते असे उदाहरण दिले आणि देशभर वादंग उठले. प्रत्यक्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मृत्यूनंतरचा कर कमाल ४० टक्के आहे आणि तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना त्या वर्षी १ कोटी ३६ लाख १० हजार डॉलरपर्यंत सूट होती. २०२६ साठी ती दीड कोटी डॉलर केली गेली. काही राज्ये वेगळा कर लावतात. पेनसिल्व्हेनियात तर तो कोणाला मिळाले यावर अवलंबून असतो: मुलांना साडेचार टक्के, भावंडांना बारा आणि इतरांना पंधरा.

आपल्याला खरा धोका आहे तो या सूटीच्या दुसऱ्या टोकाला. जी व्यक्ती अमेरिकेची नागरिकही नाही आणि तेथे स्थायिकही नाही, तिच्या अमेरिकेतील मालमत्तेला सूट आहे ती फक्त ६०,००० डॉलरची, आणि अमेरिकी कंपन्यांचे शेअर हे अमेरिकेतील मालमत्ता मानले जातात, मग ते पुण्यात बसून मोबाईलवरून घेतलेले असोत की हिंजवडीतील नोकरीत कंपनीने दिलेले असोत. अशा व्यक्तीच्या नावावर मृत्यूच्या दिवशी तीन लाख डॉलरचे शेअर असतील, तर वजावटी धरण्यापूर्वी कर सुमारे ७४,८०० डॉलर होतो, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश. भारत आणि अमेरिका यांच्यात या करासंबंधी करार नाही, आणि भारतात असा कर नसल्याने तेथे भरलेला कर येथील करातून वळता करून घेण्याची सोयही नाही. नऊ महिन्यांत विवरणपत्र भरायचे असते आणि तेथील कर विभागाचे प्रमाणपत्र आल्याशिवाय दलाल संस्था शेअर सोडत नाहीत. भारतीय म्युच्युअल फंडाच्या योजनेमार्फत अमेरिकी बाजारात गुंतवणूक केली असेल, तर तुमच्या नावावर भारतीय फंडाची युनिट असतात, म्हणून हा प्रश्न येत नाही. साठ हजार डॉलरच्या वर थेट शेअर साठू लागले की काही विकून अशा योजनेकडे वळणे मला शहाणपणाचे वाटते.

ब्रिटनमध्ये ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर ४० टक्के कर आहे. जोडीदाराला गेलेल्या हिश्श्यावर नाही, आणि घर मुलांकडे जात असेल तर आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट मिळू शकते. हा कर वारसाकडे नव्हे, तर मालमत्ता मागे ठेवून गेलेल्या व्यक्तीकडे पाहतो. पुण्यात आयुष्य काढलेली आई वारली आणि तिचा फ्लॅट लंडनमधील मुलाला मिळाला, तर ब्रिटन तेव्हा काही मागत नाही. पण तो मुलगा मागील वीस वर्षांपैकी दहा वर्षे ब्रिटनचा करनिवासी असेल, तर ६ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांनुसार त्याच्या मृत्यूनंतर त्याची जगभरातील मालमत्ता, त्यात तो पुण्याचा फ्लॅटही, विचारात घेतली जाते. भारत-ब्रिटन यांच्यातील १९५६ चा इस्टेट ड्यूटीविषयीचा करार ब्रिटनमध्ये अजून जिवंत आहे आणि काही कुटुंबांना त्याचा आधार मिळू शकतो; मात्र त्याची गणिते तेथील जाणकाराकडूनच करून घ्यावीत.

परदेशस्थ मुलांनी येथील वारशाची मालमत्ता विकायची ठरवली, तर अडचणी वेगळ्या असतात. अमेरिकेत राहणाऱ्या वारसासाठी तेथील कायदा मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव हीच खरेदी किंमत धरतो, तर भारतीय कायदा वडिलांचीच किंमत धरतो. त्यामुळे एकाच फ्लॅटवर भारतात कोटीचा नफा आणि अमेरिकेत जवळजवळ शून्य, असे होऊ शकते. मग भारतात भरलेला कर तेथे वळता करायला तेवढा करच नसतो. परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक वारसा आला, तर अमेरिकेत त्यावर कर नसला तरी त्याची माहिती स्वतंत्र नमुन्यात द्यावी लागते, आणि ती न दिल्यास होणारा दंड फार मोठा असतो. निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय अनिवासींना मिळत नाही. विक्रीचे पैसे त्यांच्या अनिवासी साधारण खात्यातून, कर भरल्याचे कागद देऊन, आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

सर्वांत जास्त त्रास होतो तो करकपातीचा. निवासी विक्रेत्याला ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कापतो. अनिवासी वारसाच्या हिश्श्यातून मात्र साडेबारा टक्के अधिक अधिभार व उपकर कापावा लागतो, आणि नफ्याचा आकडा निश्चित नसल्याने खरेदीदार तो संपूर्ण रकमेवर कापणेच पसंत करतात. वारसांपैकी एक जण जरी अनिवासी असेल, तरी त्याच्या हिश्श्यापुरता हा नियम लागतो. यावरचा उपाय म्हणजे मूळ खरेदीखत, १ एप्रिल २००१ चे मूल्यांकन आणि विक्रीचा करारनामा जोडून आयकर अधिकाऱ्याकडे कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र मागणे. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून अंतिम खरेदीखताची तारीख ठरवण्यापूर्वीच अर्ज करावा आणि प्रमाणपत्र येईपर्यंत खरेदीदाराकडून विसारापलीकडे मोठी रक्कम घेऊ नये, कारण कपात प्रत्येक हप्ता देतानाच होते.